गॅस पकडता येतो, सोडवत नाही: टिन ऑक्साइडच्या पट्ट्यांचं एक प्रकरण

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला माझं प्रोजेक्ट गॅस ओळखणाऱ्या झिंक ऑक्साइडच्या फिल्मवर होतं. स्प्रे पायरोलिसिस, म्हणजे आपल्याकडच्या बऱ्याच फिजिक्स डिपार्टमेंटमध्ये चालतं तेच, झिंक अ‍ॅसिटेटचं द्रावण करायचं, हॉटप्लेटवर काचेची स्लाइड ४०० अंशाच्या आसपास तापवायची आणि वरून बारीक फवारा मारत उभं राहायचं. फिल्म छान झाली, चिकटून बसलेली, जरा दुधाळ. सिल्व्हर पेस्टचे दोन ठिपके दिले, वायरी लावल्या, मल्टिमीटर जोडला, आणि तिथून डोकेदुखी सुरू झाली. सकाळी आलं की रेझिस्टन्स भलताच जास्त, मीटर मेगाओममध्ये, आणि अकराच्या सुमारास बघावं तर आपोआप खाली आलेला. गॅस सोडलेला नाही, हात लावलेला नाही. मला वाटलं कॉन्टॅक्ट खराब आहेत, तीन वेळा पेस्ट खरवडून पुन्हा लावली. आठवडाभर असंच.

शेवटी मॅडम येऊन शेजारी बसल्या, पाच मिनिटं नुसतं बघत होत्या, मग म्हणाल्या, "अगं, तो पडदा रोज कोण उघडतं?"

झाडायला येणाऱ्या मावशी साडेदहाला पडदा सारून जायच्या आणि ऊन सरळ माझ्या टेबलावर यायचं. पडदा लावला तर रीडिंग चढायला लागलं, पण किती सावकाश! जेवून आले, चहा झाला, संध्याकाळी कुलूप लावायची वेळ झाली तरी सकाळच्या आकड्याला पोचलेलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "फिल्म खराब नाहीये तुझी. तिला उजेड लागतोय. आता उजेडाचंच प्रोजेक्ट कर." आणि त्यांनी २००२ च्या एका पेपरची झेरॉक्स हातात ठेवली. हे प्रकरण त्या पेपरचं आहे. तेव्हापासून मी तो किती वेळा वाचलाय याची गणती नाही आणि खोलीच्या तापमानाला चालणाऱ्या सेन्सरबद्दल जे काही समजायचं ते त्या एका प्रयोगातून समजतं असं माझं ठाम मत आहे.

आधी अडचण काय होती ते बघू.

मेटल ऑक्साइडचे गॅस सेन्सर तसे जुने. १९६२ मध्ये जपानात क्युशू विद्यापीठाच्या सेइयामांनी झिंक ऑक्साइडची फिल्म गॅस ओळखते हे दाखवलं, त्याच वर्षी तागुची यांनी टिन ऑक्साइडच्या सेन्सरचं पेटंट मागितलं, आणि त्यातून पुढे फिगारो कंपनी आली आणि घरगुती गॅस लीकचे अलार्म आले. आज आपण दुकानातून जो एमक्यू मालिकेतला सेन्सर आणतो, जाळीची टोपी असलेला, तो त्याच घराण्यातला. हात लावून बघा, गरम लागतो. आत हीटर असतो आणि तो टिन ऑक्साइडला दोनशे-तीनशे अंशाच्या पलीकडे तापवून ठेवतो.

या हीटरचा खर्च काढून बघा म्हणजे कळेल. एमक्यू-१३५ च्या हीटरचा रेझिस्टन्स साधारण ३३ ओम, व्होल्टेज ५, म्हणजे पाऊण वॅट सतत. आपल्या नेहमीच्या १८६५० या रिचार्जेबल सेलमध्ये, समजा २६०० एमएएचचा आहे, साडेनऊ वॅट-तास असतात, म्हणजे बारा-तेरा तासात सेल संपला, आणि त्यातही व्होल्टेज वाढवणाऱ्या सर्किटचं नुकसान मी धरलेलंच नाही. शिवाय पहिल्यांदा चालू केल्यावर चोवीस तास तापू द्या असं डेटाशीट सांगतं. भिंतीत प्लग असेल तर ठीक आहे. खिशात, शेतात, रस्त्यावरच्या खांबावर किंवा एखाद्या कामगाराच्या शर्टाला लावायचा तर हा हिशोब बसत नाही.

मग हीटर काढून टाका ना! इथेच सगळी गंमत आहे, आणि इथेच बहुतेक जण चुकीचं समजून घेतात, मीही घेतलं होतं. आपल्याला वाटतं की थंड सेन्सरला गॅस कळतच नाही. तसं नाहीये. नायट्रोजन डायऑक्साइडसारखा गॅस थंड टिन ऑक्साइडलाही कळतो, चांगला कळतो. तो पृष्ठभागावर येऊन बसतो, ऑक्साइडमधला इलेक्ट्रॉन खेचून घेतो, वाहायला इलेक्ट्रॉन कमी उरले म्हणून रेझिस्टन्स वाढतो. आपल्याला सिग्नल मिळाला. पण मग गॅस बंद केला, स्वच्छ हवा सोडली, तर तो उठतच नाही. बसून राहतो. पुढच्या वेळी गॅस आला तर त्याला जागाच नाही. म्हणजे सेन्सर एकदा वापरायचा आणि टाकून द्यायचा, काडेपेटीतल्या काडीसारखा.

उष्णतेचं खरं काम इथे आहे. २५ अंशाला रेणूच्या हालचालीला मिळणारी ऊर्जा साधारण ०.०२६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणु-रेणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजायचं एकक), ३०० अंशाला ०.०४९. आकडे बघून वाटतं दुप्पटच तर आहे, पण सुटण्याचा वेग या आकड्यावर घातांकाने चालतो. समजा रेणूला उठायला १ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा अडथळा ओलांडायचाय, तर ३०० अंशाला तो खोलीच्या तापमानापेक्षा जवळपास १३ कोटी पट लवकर उठतो. कागदावर स्वतः करून बघा, दोन मिनिटांचं गणित आहे. जे तिथे एका सेकंदात होतं त्याला इथे चार वर्षं लागतील.

आता ते प्रकरण. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात पेइडाँग यांग यांच्या लॅबमध्ये मॅट लॉ आणि सहकाऱ्यांनी टिन ऑक्साइडच्या नॅनो-पट्ट्या घेतल्या. पट्टी म्हणजे खरोखर रिबनसारखी, रुंदी-जाडी नॅनोमीटरमध्ये आणि लांबी त्या मानाने प्रचंड, आणि मुख्य म्हणजे पूर्ण पट्टी एकच स्फटिक. माझ्या फवाऱ्याच्या फिल्ममध्ये लाखो कण एकमेकांना टेकलेले असतात आणि प्रत्येक टेकण्याच्या जागी करंटला अडथळा, त्यामुळे नक्की कुठे काय बदललं हे सांगताच येत नाही. एका स्फटिकाच्या पट्टीत तो घोळ नाही, जे होतं ते पृष्ठभागावरच होतं. आणि पट्टी इतकी पातळ की पृष्ठभागाने इलेक्ट्रॉन ओढले तर आतलं पोट जवळजवळ रिकामं होतं.

अशा एकेका पट्टीला दोन टोकांना इलेक्ट्रोड लावले, खोलीचं तापमान ठेवलं, ३६५ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश पट्टीवर चालू ठेवला, आणि आळीपाळीने हवा आणि नायट्रोजन डायऑक्साइड सोडत राहिले. गॅस आला की करंट खाली, हवा आली की करंट वर. पुन्हा खाली, पुन्हा वर. हीटर नाही, आणि तरी आलेख परत येतोय! काही पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत काही भाग, इतका गॅस त्यांना ओळखता आला. ॲन्गेवांटे केमी मध्ये हे छापून आलं.

मला त्या आलेखात खाली जाणारी बाजू आवडत नाही, वर येणारी आवडते. सगळं यश त्या वर येण्यात आहे.

कसं होतं हे? प्रकाशाचा एक कण, फोटॉन, ऑक्साइडमध्ये शिरून इलेक्ट्रॉन उचलतो आणि मागे भोक सोडतो, ज्याला आपण होल म्हणतो. पृष्ठभागावर बसलेल्या रेणूंनी इलेक्ट्रॉन धरून ठेवलेले असतात, तिथे ऋण भार साठलेला असतो, म्हणून धन होल आपोआप पृष्ठभागाकडे ओढला जातो आणि इलेक्ट्रॉन आत ढकलला जातो. होल पृष्ठभागावर पोचला की रेणूने धरलेल्या इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघं एकमेकांना संपवतात, आणि रेणूची पकड सुटते. तो उठून हवेत जातो. एवढंच. हवेतला ऑक्सिजन असाच सुटतो आणि नायट्रोजन डायऑक्साइडही असाच. माझ्या फिल्मवर ऊन पडल्यावर रेझिस्टन्स पडायचा त्यात याचाच मोठा वाटा होता, चिकटलेला ऑक्सिजन निघून जायचा. आणि पडदा लावल्यावर तो इतका हळू चढायचा कारण ऑक्सिजनला परत येऊन एकेक इलेक्ट्रॉन धरत बसायला तास लागतात. याच बर्कलीच्या लॅबने त्याच वर्षी दाखवलं होतं की झिंक ऑक्साइडच्या नॅनोवायरचा रेझिस्टन्स अतिनील प्रकाशात चार ते सहा शून्यांनी घसरतो. चार ते सहा शून्यं! माझ्या मावशींच्या पडद्याचं कोडं तिथे सुटलं.

२००३ मध्ये या प्रकरणाला जो पुढचा धागा जुळला तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मैती आणि सहकाऱ्यांनी कॉम्प्युटरवर हिशोब करून बघितलं की नायट्रोजन डायऑक्साइड या पट्ट्यांवर नक्की कोणत्या रूपात बसतो. उत्तर अनपेक्षित निघालं, तो साधा बसत नाही, पृष्ठभागावरचा ऑक्सिजन घेऊन नायट्रेटसारखा तीन ऑक्सिजनवाला गट होतो आणि टिनच्या अणूंना दोन ठिकाणी बांधला जातो. क्ष-किरणांच्या मोजणीतही तोच गट प्रामुख्याने दिसला. आणि बंध किती पक्का? हिशोबाप्रमाणे ७०० केल्विनपर्यंत टिकेल इतका, म्हणजे आपल्या अंशात सव्वाचारशेच्या वर. घरातल्या एमक्यूच्या हीटरलाही जे सोडवायला जड जावं ते एका जांभळट दिव्याने २५ अंशाला सुटतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा लायब्ररीत खुर्ची मागे ढकलून उभीच राहिले होते.

एक खटकणारी गोष्ट मात्र सांगायलाच पाहिजे, कारण व्हायव्हात मला हाच प्रश्न आला होता. टिन ऑक्साइडचा बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन उचलायला लागणारी कमीत कमी ऊर्जा, ३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. फोटॉनची ऊर्जा काढायला १२४० ला तरंगलांबीने भागायचं, १२४० भागिले ३६५ म्हणजे ३.४. कमी पडतंय की! मग इलेक्ट्रॉन उचलला कसा? तर बँड गॅपची कड ही भिंतीसारखी उभी नसते. स्फटिकात ऑक्सिजन निसटून गेलेल्या रिकाम्या जागा असतात, पृष्ठभागावर अर्धवट बंध असतात, त्यांच्या ऊर्जेच्या पातळ्या गॅपच्या आत येतात आणि तिथून थोड्या कमी ऊर्जेतही काम होतं. माझाच अनुभव सांगते, आमच्याकडे अतिनील एलईडी मागवायला बजेट नव्हतं, म्हणून मी खोट्या नोटा तपासायचा टॉर्च आणला, त्यावर ३९५ नॅनोमीटर लिहिलेलं, म्हणजे ३.१४, आणि झिंक ऑक्साइडचा गॅप ३.३ च्या वर. तरी फिल्मने प्रतिसाद दिला. परीक्षकांना तो टॉर्च दाखवला तेव्हा त्यांचं समाधान झालं.

त्याच टॉर्चने अजून एक गोष्ट शिकवली. फ्यूम हुडमध्ये अमोनियाची बाटली उघडून फिल्मजवळ धरायची, असा आमचा साधा प्रयोग. अमोनिया उलटा, तो इलेक्ट्रॉन देतो, म्हणून रेझिस्टन्स उतरतो. मला वाटलं जास्त उजेड म्हणजे जास्त चांगलं, म्हणून टॉर्च फिल्मपासून दोन बोटांवर धरला, आणि मीटर हलेचना. बाटली उघडा, बंद करा, काही नाही. वैतागून टॉर्च वीतभर मागे नेला आणि मग छान उतार दिसला, बाटली बंद केल्यावर काही मिनिटांत परतही आला. अंधारात तोच परत यायला इतका वेळ लागत होता की मी मोजायचं सोडून दिलं होतं.

कारण सरळ आहे. उजेड दोन्ही कामं एकदम करतो, इलेक्ट्रॉन वाढवून रेणू बसवतोही आणि होल पाठवून उठवतोही. उजेड फार झाला की पृष्ठभाग सतत झाडला जातो, कुणी बसूच शकत नाही, शिवाय आत इतके इलेक्ट्रॉन मोकळे झालेले असतात की गॅसने दिलेले-घेतलेले चार इलेक्ट्रॉन कुणाच्या लक्षात येणार! उजेड फार कमी झाला तर पुन्हा तेच, बसलेला उठत नाही. मधली एक जागा असते आणि ती प्रत्येक गॅसला, प्रत्येक फिल्मला वेगळी. २००९ मध्ये बार्सिलोनाच्या प्रादेस आणि सहकाऱ्यांनी एकेका टिन ऑक्साइड नॅनोवायरवर हेच नीट मोजून मांडलं, की प्रकाश योग्य तेवढा दिला तर खोलीच्या तापमानाचा सेन्सर तापवलेल्या सेन्सरच्या बरोबरीने चालतो. म्हणजे हीटरला तापमानाचं बटण, तसं इथे उजेडाचं.

आता बर्कलीच्या प्रयोगात काय राहिलं ते. कौतुक आहे म्हणून डोळेझाक करायची नाही.

पहिलं म्हणजे पीपीएम. आपल्याकडे हवेच्या २००९ च्या राष्ट्रीय मानकात नायट्रोजन डायऑक्साइडची चोवीस तासांची मर्यादा ८० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, ती होते साधारण ४२ पीपीबी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली २५ मायक्रोग्रॅम, म्हणजे १३ पीपीबी. पीपीएम हा पीपीबीचा हजार पट. म्हणजे काही पीपीएम ओळखणारा सेन्सर कारखान्यात कामाला येईल, जिथे अमेरिकेतली कामगारांसाठीची कमाल मर्यादाच ५ पीपीएम आहे, पण पुण्यातल्या चौकात सिग्नलला उभं राहून हवा तपासायला तो उपयोगाचा नाही. सरकारी स्टेशनवर हे काम केमिल्युमिनेसन्सचं, म्हणजे रासायनिक क्रियेतून निघणारा उजेड मोजणारं, मशीन करतं, ते कपाटाएवढ्या केबिनमध्ये बसतं आणि त्याला एसी लागतो.

दुसरं, दिवा. लॅबमधला अतिनील दिवा पट्टीपासून लांब असतो, त्याचा बहुतेक प्रकाश टेबलावर, भिंतीवर, कुठेही जातो. हीटरचे ७५० मिलिवॅट वाचवून दिव्यावर त्याहून जास्त घालवले तर काय मिळवलं? खोलीच्या तापमानाला चालतो म्हणून मिरवणाऱ्या कितीतरी पेपरमध्ये दिव्याची पॉवर लिहिलेलीच नसते, मला याचा खरंच राग येतो.

या अडचणीवर मला आवडलेला उपाय २०१९ चा, तोही बार्सिलोनाचाच. त्यांनी दिवा लांब ठेवायचा विचारच सोडला. मायक्रो-एलईडी, म्हणजे केसाच्या जाडीशी तुलना होईल एवढा एलईडी, आणि त्याच्याच डोक्यावर झिंक ऑक्साइडचे कण. उजेड निघाला की थेट ऑक्साइडमध्ये, मध्ये अंतरच नाही. पॉवर मायक्रोवॅटमध्ये आली आणि नायट्रोजन डायऑक्साइड पीपीबीमध्ये ओळखला. पुढच्या वर्षी कोरियातल्या कायस्ट या संस्थेने एलईडी आणि नॅनोवायर एकाच चिपवर घडवून असंच मायक्रोवॅटचं काम दाखवलं. मघाचा तोच १८६५० सेल घ्या आणि दिव्याला १०० मायक्रोवॅट धरा, नुसत्या दिव्यापुरता हिशोब केला तर दहा वर्षांच्या वर जातो. तेव्हा सेल आपला आपणच मरेल, सेन्सर त्याला मारणार नाही.

तिसरं राहिलंय ते पाणी, आणि ते मला सगळ्यात जवळचं आहे कारण माझं प्रोजेक्ट जून-जुलैत अडकलं होतं. तापलेल्या सेन्सरवर पाण्याचा थर टिकत नाही, थंडवर टिकतो. पाण्याचे रेणू ऑक्साइडच्या त्याच जागा अडवतात ज्या गॅसला हव्या असतात. मी फिल्मवर नुसता श्वास सोडला तरी मीटर हलायचा. बाहेर मुसळधार पाऊस असला की सकाळची बेसलाइन, म्हणजे गॅस नसतानाचं रीडिंग, वेगळी, दुपारी जरा उघडलं की वेगळी, आणि मी वहीत प्रत्येक रीडिंगच्या शेजारी "पाऊस", "ऊन", "पंखा चालू" असं लिहायला लागले. उजेड पाण्याला काही प्रमाणात हलवतो, पण मुंबई-कोकणातल्या नव्वद टक्के दमटपणाला पुरून उरेल इतकं काही मी तरी स्वतः बघितलेलं नाही. म्हणून शेजारी वेगळा दमटपणाचा सेन्सर ठेवून दुरुस्ती करावी लागते, किंवा वर पाणी अडवणारा थर द्यावा लागतो, आणि तो थर दिला की गॅसही हळू पोचतो. सहज सुटणारं नाही हे.

ओझोनचं तर बोलूच नका, तोही नायट्रोजन डायऑक्साइडसारखाच इलेक्ट्रॉन ओढतो आणि रस्त्यावर दोघं एकाच हवेत असतात. एका पट्टीला दोघांतला फरक कळत नाही. त्याला निरनिराळ्या ऑक्साइडच्या चार-सहा पट्ट्या शेजारी लावून एकत्र वाचायचा रस्ता आहे, किंवा उजेड चालू-बंद करून कोण किती वेगाने सुटतं त्यावरून ओळखायचा. दुसरा रस्ता मला जास्त पटतो, कारण त्यात ते सुटणंच कामाला येतं.

अतिनीलऐवजी निळा किंवा पांढरा एलईडी वापरता आला तर अजून स्वस्त पडेल, डोळ्यांनाही बरं. टंगस्टन ऑक्साइडचा गॅप २.६ ते २.८, तो निळ्या ४५० नॅनोमीटरला, म्हणजे २.७५ ला, जेमतेम पुरतो. झिंक ऑक्साइडवर सोन्याचे कण बसवूनही दृश्य प्रकाश पकडवतात. यावर आपल्याकडेही काम चालतं, फवाऱ्याची मशीन तर कितीतरी कॉलेजांत पडून आहेत.

आता ज्युनियर मुलं प्रोजेक्टला येतात आणि विचारतात, ताई, आमच्या फिल्मचा रिस्पॉन्स किती यायला पाहिजे? मी त्यांना आधी काळ्या कागदाचा डबा करायला लावते. फिल्म त्यात रात्रभर ठेवायची, सकाळी डबा न उघडता अंधारातलं रीडिंग घ्यायचं, मग गॅस, मग हवा, आणि हवेत आलेख परत येईपर्यंत खुर्चीवरून उठायचं नाही. नंतर टॉर्च लावून तेच. दोन्ही आलेख एका कागदावर काढून आणा म्हणते, मग रिस्पॉन्सचं बोलू. परवा एक मुलगा आला, अंधारातला आलेख त्याने काढला होता पण तो अर्ध्यातच तोडलेला. म्हटलं, "का रे, पूर्ण का नाही केलास?" म्हणाला, "ताई, रात्री साडेनऊला वॉचमनकाकांनी लाइट घालवायला सांगितले, तोवर तो निम्मासुद्धा वर आला नव्हता." मी त्याला म्हटलं हेच लिही, वेळेसकट लिही.